मामाची गिटार घेऊन खोपोली ते शेलू

माझ्या ब्लॉगवर एरवी किल्ले, खानावळी आणि एसटीच्या वेळा असतात. ही सहल त्यातली नाही. तरी लिहितेय, कारण घरात एखादं जुनं वाद्य पडलेलं असेल आणि ते नेमकं काय आहे हे कळत नसेल, तर यातलं काही तुमच्या उपयोगी पडेल. आणि मलाही ते एकदा नीट मांडून बघायचंय.

गेल्या पावसाळ्यात माझा मामा गेला. खोपोलीला एका कारखान्यात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टी, असं त्याचं आयुष्य. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, कुणाच्या घरभरणीचा कार्यक्रम, बोलावतील तिकडे तो गिटार घेऊन जायचा. दिवसकार्य आटपल्यावर मामीने ती गिटार माझ्या हातात दिली. म्हणाली, "जाताना म्हनले ते, मनीषाला द्या." मी तिथेच रडले. मामेभाऊ प्रशांतने ती स्वतः रिक्षापर्यंत आणून दिली.

साताऱ्याला आल्यावर मामाबद्दल एक लेख लिहिला आणि त्यात गिटारचा फोटो टाकला. व्हायोलिनला असतात तशी इंग्रजी 'एफ'सारखी दोन भोकं, फुगीर पोट, आणि तारा पिळायच्या डोक्यावर निळ्या ऑइलपेंटवर पांढऱ्या अक्षरांत 'गायन पार्टी, खोपोली'. लेख फार कुणी वाचला नाही. पण महिन्याभराने कर्जतच्या एका गृहस्थांचा निरोप आला: विकायची आहे का? जुनी वाद्यं गोळा करतो. खरी निघाली तर दोन-अडीच लाखांपर्यंत जाईन.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. गिटार कपाटावर होती ती पलंगाखाली आली, पलंगाखालून दिवाणात. नवरा म्हणाला, "अगं, आनंदाची गोष्ट आहे." पण मला एकच दिसत होतं. प्रशांतने ती दिली तेव्हा ती पाच-सातशे रुपयांची वस्तू होती. आता ती माझी की त्याची? न सांगता विकली तर मी चोर, आणि सांगितलं तर त्याच्या मनात काय येईल? महिनाभर घोळवून शेवटी फोन केला. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "ताई, तुझी हाय ती. पण एकटी नको जाऊस. मी गाडी काढतो."

'तुझी हाय ती' च्या आधीचा तो क्षण मी नंतर कितीदा तरी आठवला.

होळीच्या आधीचा शनिवार होता. साताऱ्याहून स्वारगेट, आणि तिथून खोपोलीमार्गे जाणारी एसटी. मुंबईची प्रत्येक गाडी खोपोली गावात जात नाही, बऱ्याच वरच्या वर एक्सप्रेस वेने निघून जातात, म्हणून चढण्यापूर्वी कंडक्टरला विचाराच. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. वाद्य नेताना तारा थोड्या सैल करून न्याव्यात असं साताऱ्याच्या एका गिटारच्या सरांनी सांगितलं होतं. शेलूला एक बाई दुरुस्ती करतात, त्यांचा पत्ताही त्यांनीच दिला. "विकण्याआधी त्यांना दाखवा," एवढंच म्हणाले.

गिटार वरच्या फळीवर ठेवायला मन धजेना. मांडीवर उभी धरून बसले. बोरघाट उतरताना प्रत्येक वळणाला ती शेजारच्या आजोबांच्या खांद्यावर आपटत होती. शेवटी ते म्हणाले, "बाई, पोर असतं तर मी घेतलं असतं. हे कसं घ्यायचं?" सगळे हसले. मीही हसले, पण हात सोडला नाही. घाटातल्या पळसाला बहर आलेला होता. एरवी मी त्यावर परिच्छेद लिहिला असता.

मामीचं घर खोपोलीच्या जुन्या वस्तीत आहे. दोन खोल्या, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि आता त्यांच्या बाजूला मामा. मी जयभीम करून आत गेले. मामीने मला जवळ घेतलं आणि मग तिची नजर माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेली.

"ही कशाला आनलीस गं परत?"

"दाखवायची आहे मामी, कर्जतला. किंमत काढायची आहे."

"मंग बाहेरच्या खोलीत ठेव." एवढं बोलून ती चुलीकडे वळली. चवळीची उसळ, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. जेवण अप्रतिम होतं. पण मामीने एकदाही गिटारचा विषय काढला नाही, आणि प्रशांत तर घासागणिक मोबाइल बघत होता. किंमत बघत असेल का, असं माझ्या मनात आलं आणि मलाच लाज वाटली. कारण मीही तेच करत आले होते.

रविवारी सकाळी लवकर निघालो. खोपोलीहून कर्जतला पळसदरीवरून जवळ पडतं, पण त्या गृहस्थांचं फार्महाऊस चौक-कर्जत रस्त्याला असल्यामुळे आम्ही खालापूरकडून गेलो; शेलू त्याच्याही पुढे, म्हणून आधी तेच. जुन्या हायवेला ट्रकांची रांग लागलेली असते, वेळ हातात ठेवून निघा. खालापूरच्या पुढे एका टपरीवर मिसळ खाल्ली. गाडी उन्हात होती. ऊन लागून जुन्या वाद्यांच्या जोडांचा सरस सुटतो हे मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून गिटार टपरीत घेऊन आले आणि तिला बाकावर जागा दिली. टपरीवाल्याने विचारलं, "पोग्राम हाय का कुठं?"

"हो," प्रशांत म्हणाला, "हाय एक."

चौक गावच्या फाट्यानंतर रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भाताची खाचरं, मधूनच फार्महाऊसच्या उंच भिंती. खाचरांच्या पलीकडे डोंगराला चिकटलेल्या वाड्या दिसतात, तिथल्या बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन रस्त्याच्या कडेने चालत होत्या. प्रशांत सरळ समोर बघत गाडी चालवत होता.

"ताई, एक विचारू? खरंच अडीच लाख असले तर?"

"तर बोलू ना आपण."

"नाय, तुझीच हाय ती. मी आपलं विचारलं."

"प्रशांत, तुला काय वाटतं ते सांग ना."

"मला काय वाटायचंय?" तो म्हणाला आणि त्याने गाणी लावली.

फार्महाऊसवाले गृहस्थ अगदी सभ्य. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, बोलणं मऊ. आत एका मोठ्या खोलीत भिंतीभर गिटारी, सतारी, एक जुना पियानो. आम्हाला कोकम सरबत दिलं. त्यांनी गिटार उलटीसुलटी केली, डोक्यावरच्या निळ्या रंगावरून अंगठा फिरवला, भोकातून मोबाइलचा दिवा मारला. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यावर काहीच उमटत नव्हतं.

"कॉपी आहे," ते म्हणाले. "कलकत्त्याला अशा खूप बनायच्या, अमेरिकन मॉडेल बघून. फोटोत फसलो मी. तुम्ही लांबून आलात, तेव्हा पंधरा हजार देतो. खोलीत शोभेला लावीन."

तुम्हाला खरं सांगते, मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. प्रशांतकडे बघितलं तर त्याचेही खांदे सैल झालेले. "विचार करून सांगतो साहेब," तो म्हणाला आणि आम्ही जवळजवळ पळतच गाडीत येऊन बसलो.

"पंधरा हजार!" तो म्हणाला आणि हसायलाच लागला. "ताई, मी रात्रभर झोपलो नाय गं. मनात येत होतं, आपण अडीच लाख रिक्षात घालून दिले."

"आणि मी महिनाभर झोपले नाही. वाटत होतं, तू मला चोर म्हणशील."

"येडी हायस का?"

कर्जतला पोचेपर्यंत आम्ही लहानपणीच्या इतक्या गोष्टी काढल्या की पोट दुखायला लागलं. स्टेशनच्या बाजूला एका साध्या खानावळीत थाळी घेतली, दीडशेच्या आत दोन भाज्या, भाकरी, भात. स्टेशनचा वडा लोक आवर्जून घेतात, तोही घेतला. गिटार तिसऱ्या खुर्चीवर होती आणि माझं तिच्याकडे लक्षही नव्हतं.

भात कालवला आणि फोन वाजला. फार्महाऊसवाले.

"मॅडम, माझ्या मिसेसना ती फार आवडली. पंचवीस करू या?"

मी 'कळवते' म्हणून ठेवला. प्रशांतने विचारलं. सांगितलं. तो जेवायचा थांबला.

ताक येईपर्यंत परत फोन. "चाळीस. मी माणूस पाठवतो, तुम्ही जिथे असाल तिथे. रोख."

"साहेब, कॉपी म्हणालात ना तुम्ही?"

"कॉपीच आहे. हौसेला मोल नसतं मॅडम."

मी फोन ठेवला. प्रशांतने गिटार खुर्चीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतली. खानावळीच्या दाराकडे बघून हळूच म्हणाला, "त्यांनी आपली गाडी बघितलीय. आपण जेवायला कुठं बसू, हे काय अवघड नाय ओळखायला. चल, शेलूला." माझं ताट अर्धं तसंच राहिलं. गाडीत बसताना एक पांढरी जीप मागे येऊन थांबली आणि मी दार आतून लावून घेतलं. त्यातून एक कुटुंब उतरलं, डोक्यावर टोप्या, माथेरानला निघालेलं.

कर्जत ते नेरळ रस्त्यात भिवपुरी लागतं. रविवारी या रस्त्यावर मुंबईहून आलेल्या गाड्यांची गर्दी असते, आणि नेरळच्या चौकात ती हमखास तुंबते. तिथे आम्ही अडकून पडलो. फोन तिसऱ्यांदा वाजला, साठ हजार. मी फोन बंद करून टाकला. बाहेर घोडेवाले, टॅक्सीवाले, फ्लॅटच्या जाहिराती. प्रशांत स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. सकाळचं ते हसणं कुठल्या कुठे गेलं होतं.

"म्हणजे खरी हाय," तो म्हणाला.

"असेल."

"असेल नाय. हाय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "बाबांनी मला कधी हात लावू दिला नव्हता तिला. शाळेत असताना एकदा वाजवायला गेलो तर कानाखाली बसली. आणि जाताना तुझं नाव घेतलं. मला पैशाचं नाय गं वाईट वाटत, ताई. ते वाटतं."

नेरळचा चौक सुटला तेव्हा बरं वाटलं.

शेलूला स्टेशनपासून थोड्या अंतरावर नव्या इमारतींची रांगच आहे. त्यातल्या एकीत चौथ्या मजल्यावर शिल्पाताई राहतात. माझ्यापेक्षा लहान असतील. मुंबईत दुकानाचं भाडं परवडेना म्हणून इथे फ्लॅट घेतला आणि हॉलचीच कार्यशाळा केली. तपासणीचे दीड हजार आधीच सांगितले होते आणि त्याबरोबर एक वाक्य, जे मी तुमच्यासाठी जसंच्या तसं देतेय: "मी किंमत सांगते, म्हणून मी विकत घेत नाही. ज्याला घ्यायचंय त्याला किंमत कधी विचारू नका."

त्यांनी टेबलावर जाड पंचा पसरला आणि गिटार आडवी ठेवली. दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा भोकातून आत घातला. मग मला बोलावलं.

"हे बघा. भोकाच्या कडेला लाकडाच्या रेघा दिसतात? बाहेरच्या रेघा आतपर्यंत तशाच गेल्यात. म्हणजे अखंड लाकूड कोरून पोट केलंय. स्वस्त कॉपीला प्लायवूड दाबून फुगवतात, मग कडेला पापुद्रे दिसतात."

मग खोलीतला दिवा घालवून त्यांनी टॉर्च आडवी धरली, डोक्यावरच्या निळ्या रंगाला अगदी लागून. रंगाखाली काहीतरी उठून दिसलं. दुसरी अक्षरं. शिंपल्याची जडवलेली, इंग्रजी. अमेरिकेतल्या एका मोठ्या जुन्या कंपनीचं नाव. प्रशांतने माझं मनगट धरलं.

"खरी आहे," शिल्पाताई म्हणाल्या. "पण तारा पिळायच्या चाव्या बदलल्यात, या इकडच्या आहेत. मानेच्या बुडाशी कुणीतरी स्क्रू मारलाय. आतला लेबलचा कागद अर्धा गेलाय. सगळं मूळ असतं तर बरीच किंमत आली असती. आहे तशी, नीट गिऱ्हाईक भेटलं तर, तीन ते साडेतीन लाख. थांबायची तयारी हवी."

तीन लाख म्हटल्यावर आनंद व्हायला हवा होता. मी मनात तीनला दोनाने भागायला लागले.

शिल्पाताई मात्र अजून गिटारच्या मानेवरच वाकलेल्या होत्या. "वाजवणारे तुमचे कोण?"

"बाबा," प्रशांत म्हणाला.

"एकटे नसतील वाजवत. बोटं दाबायच्या या पहिल्या तीन पट्ट्याच झिजल्यात, खोल. पुढे जवळजवळ कोऱ्या. स्वतःची करामत दाखवणारा माणूस वरपर्यंत जातो. हा माणूस गाणाऱ्याला धरून वाजवायचा. आणि बहुतेक वर्षानुवर्षं एकाच गळ्याला."

परत येताना पळसदरीच्या रस्त्याने आलो. ऊन उतरलं होतं. गाडीत मी एकदाच म्हटलं, "निम्मे निम्मे." आणि तो म्हणाला, "आईला विचारू." एवढंच. पण दोघांनाही माहीत होतं की मामीला विचारल्यावर गोष्ट हातातून जाणार.

मामी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. प्रशांतने सगळं सांगितलं, फार्महाऊसवाल्याचे फोन, आरसा, टॉर्च, तीन लाख. तिचे हात चालूच होते. पण पट्ट्यांची गोष्ट आली तशी ती थांबली.

"काय म्हनली ती बाई? कुठं झिजलीय?"

मी पिशवीची चेन उघडली आणि दाखवलं. मामीने हात पदराला पुसले आणि मान हातात घेतली. तिचं बोट बरोबर त्या तीन पट्ट्यांवर गेलं.

"पेटीची काळी दोन," ती म्हणाली. "माजा सूर. त्यांना वर जावंच लागायचं नाय."

"तू गायचीस?" प्रशांतने विचारलं. त्याला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

"पार्टीत मीच गायची रं. लोणावळ्याच्या हाटेलात बँड व्हता, त्यातला एक म्हातारा परदेशी चालला, त्याच्याकडनं ही घेतली. माज्या बांगड्या मोडून. दोघं जायचो. मंग तू झालास. सासू म्हनली, पोराला घिऊन रातीबेराती कुठं फिरतीस? मी बंद झाली. मला वाटलं, हे पन बंद करतील. चार म्हयने घरात बसले. मंग माज्याच सुराची दुसरी बाई आनली गायला, आनि गेले."

तिने गिटार माझ्याकडे परत दिली.

"जाताना काय बी बोलले नव्हते ते, मनीषा. वाचाच गेली व्हती. मीच म्हनलं, त्यांनी सांगितलंय म्हनून. घरात नको झाली व्हती मला ही. खोपोलीत कुनाला दिली असती तर आवाज आला असता. तू लांब ऱ्हातीस."

मामाने शेवटी माझं नाव घेतलं, या एका गोष्टीवर मी ते सगळे महिने काढले होते. त्यावर लेखसुद्धा लिहिला होता. प्रशांतकडे बघायची हिंमत होईना. बघितलं तर तो रडत होता, आणि त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता.

"मग ही परत ठेव, मामी," मी म्हटलं. "तुझीच आहे. बांगड्या तुझ्या."

"दिलेलं परत घेत नाय मी. इका. तीन वाटे करा. माजा मला आना, आनि त्याचं मी काय करनार ते कुनी इचारू नका."

सोमवारी सकाळच्या गाडीने निघाले. प्रशांत स्टँडवर सोडायला आला. त्याने पाण्याची बाटली घेऊन दिली, गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. बोलण्यासारखं खूप होतं, पण तो म्हणाला, "पोचलीस की फोन कर," आणि मी म्हटलं, "करते."

गिटार विकली गेली. शिल्पाताईंनी आधी मानेचं काम केलं, मग पुण्यातला एक वाजवणारा आणला. तीन लाखांना थोडे कमी आले. फार्महाऊसवाल्यांना कळवलं नाही. तीन वाटे झाले. मामीने तिच्या वाट्याचं काय केलं हे प्रशांतलाही माहीत नाही, आणि आम्ही खरंच विचारलेलं नाही.

खर्चाचा हिशोब विचाराल तर तपासणी, पेट्रोल, जेवण, एसटी सगळं मिळून चार हजारांच्या आत बसलं. वाद्य असेल तर आधी तटस्थ माणसाला दाखवा, मग गिऱ्हाइकाला. आणि घरातल्यांना त्याही आधी सांगा, हे मी माझ्या त्या महिन्यावरून सांगते.

मामाने मला काही ठेवलं नव्हतं. हे वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले. तरी तो लेख मी काढलेला नाही, खाली फक्त दोन ओळी जोडल्या आहेत. काळजी करण्यासारखं घरात आता काही उरलं नाही, दिवाण रिकामा आहे, तरी अधूनमधून जाग येतेच. मग मनात येतं, इतकी वर्षं मी त्या घरात सुट्टीला जात होते, मामाच्या पार्टीचं कौतुक ऐकत होते, आणि भाकऱ्या थापणाऱ्या बाईला कधी काही विचारलं नव्हतं.

आता दर रविवारी मामीला फोन करते. परवा धीर करून विचारलं, "मामी, गाणं शिकलीस कुणाकडे?"

आधी तिने कुकर उतरवल्याचा आवाज आला.

"ते फोनवर नाय सांगायचं," ती म्हणाली. "ये इकडं. आनि या बारीला काय घिऊन येऊ नको."